सोयाबीनच्या गंजीखाली

सोयाबीन कापून गंजी लागली की लातूरच्या अडतीवर भावाची विचारपूस सुरू होते. गंजीखाली मात्र वेगळाच व्यवहार चाललेला असतो. शेंगा तडकतात, दाणे गळतात, दाण्याला उंदीर येतो आणि उंदराला साप. मळणीयंत्राचा नंबर लागेपर्यंत गंजी ताडपत्रीखाली तशीच पडून असते. तेवढे दिवस घोणशीला पुष्कळ झाले.

घोणस उंदरामागे धावत नाही, तिला त्याची गरजच पडत नाही. उंदराची जायची-यायची वाट ठरलेली असते. तो कडेकडेनं, आडोशानं जातो. त्या वाटेशेजारी ती वेटोळं घालून पडून राहते. पाचोळ्यात तिचा रंग असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. उंदीर टप्प्यात आला की एक चावा घेते आणि सहसा लगेच सोडून देते. धरून ठेवला तर मरता मरता तोच उलटून चावायचा! उंदीर चार उड्या मारतो, कुठंतरी कोसळतो. मग बाईसाहेब सावकाश निघतात. जीभ आत-बाहेर करत जमिनीवरचा वास गोळा करायचा, टाळूतल्या इंद्रियाला तो पोचवायचा, दुभंगलेल्या जिभेच्या कोणत्या टोकाला वास जास्त लागला त्यावरून दिशा धरायची. माग काढत उंदरापर्यंत पोचायचं आणि बहुधा डोक्याकडून गिळायचं.

या सगळ्यात माणूस कुठंच नाही. तो मध्ये येतो तो सकाळी, पेंड्या उचलून यंत्राकडे देताना. घोणस आधी इशारा देते, कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. पण मळणीयंत्राच्या घरघरीत तो इशारा ऐकणार कोण? बहुतेक वेळा पेंडीखाली गेलेला हात मजूर बाईचा असतो.

नागाची रीत निराळी. तो हिंडून शिकार शोधतो, बिळांत डोकावतो, बेडूकही त्याला चालतो. धामण तर दिवसाढवळ्या उंदरामागे पळते. विष नसल्यामुळे शिकार जमिनीशी दाबते आणि जिवंतच गिळते. तीच धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, असं आपल्याकडे शपथेवर सांगणारे आहेत. सापाला चोखताच येत नाही. गोठ्यात ती येते पेंडीच्या पोत्यामागच्या उंदरांसाठी. शेतकऱ्याचा एवढा कामाचा गडी आपण काठीनं ठेचतो, आणि नागपंचमीला वारुळावर दूध ओततो.

खरी भीती बाळगायची ती मण्यारीची. ती रात्री निघते. पाली, उंदीर, दुसरे सापसुद्धा शोधत भिंतीच्या कडेनं घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात सापडते. चावा फारसा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घरचे अपचन समजून ओवा देतात.

1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरातली दगड-मातीची घरं पडली, त्यांच्याबरोबर सापांना आवडणाऱ्या भिंतींतल्या सांदीही गेल्या. पण ज्वारीची पोती सिमेंटच्या घरातही आलीच. नांदेडला गोदाकाठच्या शेतांवर प्लॉटिंग झालं तिथंही तेच: रिकाम्या प्लॉटवर कचरा, तुंबलेली नाली, दिव्याखाली किडे, किड्यांना बेडूक. मग रातराणीच्या वासानं साप आला म्हणून झाड तोडतात, फिनेल शिंपडतात. सर्पमित्र एक साप नेतो; खायला तसंच राहिलं की दुसरा येतो. सरपण, विटा, कडबा घराच्या भिंतीला लावून ठेवायचा आणि सापाला नावं ठेवायची, हे काही बरोबर नाही.

2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी 58 हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरातले, आणि बहुतेक खेड्यांतले. आपला काढणीचा हंगाम त्याला लागूनच येतो.

तेव्हा मळणीला जाताना एक लांब काठी न्या. पेंडी आधी काठीनं हलवा, मग हात घाला. आखाड्यावर जागलीला जाणाऱ्यानं बाजेवरच झोपावं, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचावी, रात्री उठल्यावर आधी बॅटरी लावावी. आणि चावलंच, तर मारुतीच्या पारावर वेळ घालवू नका. आवळून दोरी बांधू नका, ब्लेड लावू नका. माणसाला चालू न देता गाडीत घाला आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर औषध एकच आहे, त्यामुळे साप कोणता होता हे पाहायला त्याच्यामागे धावायची गरज नाही.