बरणीची किंमत आणि बरणीचे मोल

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जपानच्या जुन्या बरण्यांवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु किंमत आणि मोल यांतील फरक या बरण्यांइतका स्पष्ट करणारा धडा आमच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला तरी आढळला नाही.

आपला रांजण पाझरतो, म्हणून त्यातले पाणी गार राहते. जपानची ही भांडी मात्र सुमारे १२०० अंश उष्णतेत भाजून आपल्या लोणच्याच्या बरणीसारखी दगडी टणक होतात. शिगाराकी, बिझेन, तोकोनामे, तांबा, एचिझेन आणि सेतो ही त्यांची सहा प्राचीन केंद्रे. मध्ययुगात शिगाराकीचा कुंभार बरणी घडवी, ती शेतकऱ्याचे बियाणे नि धान्य ठेवण्यासाठी. भट्टीत लाकडाची राख उडून तिच्या खांद्यावर बसे आणि वितळून हिरवट ओघळ होई. ही नक्षी कुणी मुद्दाम काढलेली नव्हे! पुढे चहाच्या विधीतील रसिकांनी बियाण्याची हीच लहान बरणी फुलदाणी म्हणून मांडली. बरणी तीच, पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी बदलली.

दृष्टीमागोमाग मान आला, बाजार आला. १९५९ साली जपान सरकारने १२९४ चे साल कोरलेले सेतोचे एक भांडे 'महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती' म्हणून जाहीर केले. शिफारस फुजिओ कोयामा या नामांकित तज्ज्ञाची होती. १९६० मध्ये तोकुरो कातो या कुंभाराने ते आपणच घडवल्याचे सांगितले. १९६१ मध्ये तो मान रद्द झाला आणि कोयामांनी पद सोडले.

भांडे काल सुंदर होते, मग आज कुरूप कसे झाले, असे कुणी विचारील. प्रश्न बिनतोड वाटतो, परंतु मला तो पटत नाही. खोट्या नोटेची छपाईही सुबक असू शकते. म्हणून ती बाजारात चालवावी काय? शिगाराकीच्या बरणीचे मोल, ती कुणाच्या कौतुकासाठी घडवलेली नव्हती, यात आहे. पिढ्यान् पिढ्या वापरल्याने ते तिच्या अंगी आले. साल कोरून ते आणता येत नाही.

म्हणून संग्राहकाने आधी बरणी पाहावी, मग तिच्यावरची चिठ्ठी वाचावी. टवका, भेग, राखेचा ओघळ, हाताळून गुळगुळीत झालेला काठ यांत ज्याला काहीच दिसत नाही, त्याने कितीही पैसे मोजले, तरी बरणी नव्हे, पावतीच जपली असे म्हणावे लागेल.