डेक्कन क्वीनची चूल

मुंबई-पुणे डेक्कन क्वीनचा विषय निघाला की आपण फार लवकर गाडीतल्या कटलेटपाशी पोचतो. मीही त्यातलाच. पण गाडी ठाकुर्लीजवळ आली की माझी मान आपोआप खाडीच्या बाजूला वळते. तिथे चोळा पॉवर हाऊस होतं. माझे थोरले काका तिथे बॉयलरवर होते.

1 जून 1930 ला डेक्कन क्वीन सुरू झाली ती विजेवरच. धूर नाही, डोळ्यांत कोळशाचे कण नाहीत. पांढऱ्या कपड्यांत बसावं आणि पांढऱ्याच कपड्यांत पुण्याला उतरावं. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेने, ही वीज काढायला 1929 च्या सुमारास ठाकुर्लीला स्वतःचं कोळशाचं केंद्र उभारलं होतं, तेच हे चोळा. पुण्याच्या वाटेवर बोरघाटात 37 फुटांना एक फूट असा चढ. तो चढणाऱ्या मालगाड्यांच्या ‘खेकडा’ इंजिनांनाही इथूनच वीज मिळे. गंमत म्हणजे घाट उतरताना या इंजिनांच्या मोटारी जनित्रासारख्या चालत आणि थोडी वीज तारेत परत टाकत. चोळ्याच्या भट्टीतला तेवढा कोळसा वाचायचा. काका हे सांगताना असे खुलत, जणू तो त्यांच्या घरचाच कोळसा.

केंद्राच्या वसाहतीत साहेबांना बंगले, बाकीच्यांना क्वार्टर्स. ‘बारा बंगला’ हे नाव ठाकुर्लीत अजून तोंडी आहे. काकांच्या घरी दिवस पाळीवर चाले. रातपाळीच्या आठवड्यात दुपारी आम्हा पोरांना बाहेर हाकलत, कुकरची शिट्टीसुद्धा काकू हाताने उचलून धरत. दिवाळी असो की गणपती, भट्टीला सुट्टी नसे. त्यामुळे आरतीला निम्मेच पुरुष असत, आणि प्रसादाची एक पुडी पाळीवर गेलेल्यासाठी बाजूला काढलेली असे.

‘‘राणीची चूल आम्ही पेटवतो,’’ हे काकांचं लाडकं वाक्य. ऐंशीच्या दशकाअखेर ती चूल विझली. रेल्वे बाहेरची वीज घेऊ लागली. पुढे मुंबईच्या मध्य रेल्वेवरचा 1500 व्होल्टचा जुना डीसी प्रवाहही 2016 पर्यंत गेला.

निवृत्तीनंतर काका आयुष्यात पहिल्यांदा डेक्कन क्वीनने पुण्याला गेले. कसं वाटलं, म्हणून मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं.

‘‘कटलेट बरं होतं,’’ म्हणाले.