जंगल राखायचे तर राखणाऱ्याचे पोट भरले पाहिजे



संघटनेच्या कामासाठी दिल्लीस गेलो की आमचा मुक्काम बहुधा द्वारकेत, आपल्या एखाद्या मराठी सहकाऱ्याच्या घरी असतो. तेथे उंच सोसायट्यांना खेटून अंबरहाई, पोचनपूर, बागडोला अशी जुनी गावे आहेत. या भागात गावोगावी जोहड असत. जोहड म्हणजे आपल्याकडचे गावतळे. गुरे त्यावर पाणी पीत, विहिरींना त्याचा पाझर लागे, म्हणून गावकरी आपणहून त्याचा गाळ काढीत. पुढे दिल्ली विकास प्राधिकरणाने उपनगरासाठी शेतजमिनी संपादन केल्या. मोबदला मिळाला, पण शेती गेली, गुरे गेली आणि जोहडाशी असलेला पोटापाण्याचा संबंध तुटला. कित्येक जोहड भरावाखाली व कचऱ्याखाली बुजले. त्याच द्वारकेने पुढे वर्षानुवर्षे पाण्याच्या टँकरची वाट पाहिली. काही रहिवाशांनी खटपट करून काही जोहड पुन्हा जिवंत केले, त्यांचे आम्ही कौतुक करतो. परंतु जे राखण्यात कोणाचीच भाकरी नाही, ते किती दिवस राखले जाणार?

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे छोटे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाची. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालविले. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची रीत पाडली. मधमाश्या न मारता मध काढण्याची पद्धत शिकून घेतली.

२००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कायद्याने बांबू गावाचा झाला, पण वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती राहिला. मालधक्क्यावर काम केलेल्या बंधूंना याचा अर्थ समजावून सांगायला नको. परवाना नसेल तर माल आपला असूनही तो जागेवरच सडतो. गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. तेव्हापासून बांबू कोणाला विकायचा, मजुरी किती द्यायची, हे ग्रामसभा ठरवू लागली. बांबूचे रांजी उद्याही तोडीला यावे, यात आता गावाचाच रोजगार आहे.

या प्रश्नात आपल्या रेल्वेचाही हिशेब आहे. इंग्रजांनी १८६४ साली वनखाते उभे केले, त्यामागे रुळांखालच्या स्लीपरसाठी लाकूड मिळविणे हे मोठे कारण होते. जंगल सरकारजमा झाले आणि त्यावर जगणारा माणूस चोर ठरला. ज्या रुळांवर आपला संसार उभा राहिला, त्यांची किंमत अशी दुसऱ्याने मोजली आहे.

कोणी म्हणतील, आदिवासींच्या हाती जंगल दिले तर ते संपेल. आमचे उत्तर असे की, नुसता हक्काचा कागद पुरत नाही, हे खरे. ग्रामसभा दुबळी असेल तर ठेकेदार भाव पाडतो, हिशेब दडपतो, आणि पोटासाठी कोवळा बांबूही तुटतो. पण हा दोष हक्काचा नाही, संघटना नसल्याचा आहे. कारखान्यात युनियन नसली की काय होते, ते आपण जाणतोच.

म्हणून आमचे मत आहे की, पर्यावरण हा केवळ शिकल्यासवरल्यांचा विषय समजून आपण बाजूला राहू नये. वनमजुरांना रास्त मजुरी, ग्रामसभेला वाहतुकीचा व विक्रीचा पूर्ण अधिकार आणि उघडा हिशेब, या मागण्या महासंघाने आपल्या ठरावांत घ्याव्यात. राखणदाराला उपाशी ठेवून राखण होत नाही.