स्प्रेला घाबरू नका, मुलाच्या झोपेचा विचार करा



वर्गात एखादं मूल सारखं तळहाताने नाक वर चोळतं, तोंड उघडं ठेवून बसतं, डुलक्या घेतं. आपण म्हणतो, "याचं लक्षच नसतं." खरं तर रात्रभर नाक चोंदल्यामुळे त्याची झोपच झालेली नसते. महिनोन्‌महिने न जाणारी सर्दी ही अ‍ॅलर्जी असू शकते.

माझ्या वर्गातल्या अशाच एका मुलाला डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे दिला. आईने चार दिवसांत बंद केला. "मॅडम, त्यात स्टेरॉइड आहे म्हणे!"

भीती समजते. पण हे शरीर कमावायचं स्टेरॉइड नव्हे. मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे मिलिग्रॅमचा विसावा भाग. ते मुख्यतः नाकातच काम करतं, रक्तात फार थोडं जातं. मात्र पूर्ण गुण यायला रोज वापरून एक-दोन आठवडे लागतात. चार दिवसांत सोडलं तर गुण येणार कसा?

फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर नको, बाहेरच्या बाजूला मारावा. नाहीतर नाकातून रक्त येऊ शकतं. औषध बरेच महिने चाललं तर डॉक्टरांकडून मुलाची उंची तपासत राहा.

माझं म्हणणं एवढंच: स्प्रे मेडिकलमधून मनाने आणू नका आणि मनाने बंदही करू नका. शंका डॉक्टरांनाच विचारा.

आणि शिक्षकांनो, त्या मुलाला फळा पुसायला लावू नका. खडूच्या धुळीने त्याचा त्रास वाढतो.