विश्लेषण : अंतराळात पुनर्वापराचे पाणी निर्जंतुक कसे ठेवतात?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात मूत्र, घाम आणि श्वासातील बाष्प शुद्ध करून ९८ टक्के पाणी परत मिळवता येते, असे नासाने २०२३ मध्ये जाहीर केले. मात्र शुद्ध केलेले पाणीही टाकीत साठून राहिले की त्यात जंतू वाढू शकतात.

आयोडीन की चांदी?

अमेरिकी विभागात त्यासाठी आयोडीन वापरतात. ते थायरॉईडला अपायकारक ठरू शकते, म्हणून पिण्याआधी काढून टाकावे लागते. रशियन विभागात चांदीचे आयन वापरतात. ते पाणी थेट पिता येते.

अडचण कुठे?

चांदी धातूच्या टाक्या-नळ्यांच्या पृष्ठभागावर बसते. पाण्यातील तिचे प्रमाण घटते आणि संरक्षणही. स्थानकाला पृथ्वीवरून रसद पोहोचते. मंगळाच्या वाटेवर ती मिळणार नाही. त्यामुळे चांदी पाण्यात दीर्घकाळ टिकवणे कळीचे ठरते.