मतदारयादीतील नाव आणि ग्रामसभेतील स्थान

निवडणूक जवळ आली की मतदानाचे आवाहन सर्वत्र ऐकू येते. परंतु प्रचाराच्या गाड्या गावात धूळ उडवू लागतात, तोपर्यंत मतदारयादीचे दार बहुधा बंद झालेले असते. उमेदवारी अर्ज भरण्याचा अखेरचा दिवस उलटला की त्या निवडणुकीपुरते नवे नाव यादीत येऊ शकत नाही. त्यामुळे अठरा वर्षे पूर्ण केलेला तरुण उत्साहाने केंद्रावर जातो आणि हिरमुसला होऊन परततो. मतदार घडवण्याचे कार्य निवडणुकीच्या धामधुमीत होत नाही. ते निवडणूक नसताना, शांतपणे करावे लागते.

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव आसपासच्या खेड्यापाड्यांची बाजारपेठ आहे. 1 डिसेंबर 2016 रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून त्याचे नाव देशभर गाजले. स्वातंत्र्यवीर सावरकर प्रतिष्ठान आणि बँक ऑफ बडोदा यांच्या प्रयत्नांतून तेथील दुकानांत कार्डाची यंत्रे आली. ज्यांनी असे यंत्र कधी हाताळले नव्हते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले, कारण कोणीतरी गावात जाऊन त्यासाठी खटपट केली. मतदार नोंदणीलाही हेच लागू पडते. सहा क्रमांकाचा अर्ज काही कार्डाच्या यंत्राहून अवघड नाही. तो कोणी समजावून सांगणारा मात्र हवा.

या नोंदणीचे महत्त्व आमदार-खासदारांच्या निवडीपुरते नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 नुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नोंद असलेल्या व्यक्तींचा समुदाय. याचा सरळ अर्थ असा की, ज्याचे नाव यादीत नाही तो गावात जन्मला, वाढला, तेथेच राबला तरी कायद्याच्या दृष्टीने ग्रामसभेचा सदस्य नाही. पाणीयोजनेचा हिशेब विचारण्याचा वा घरकुलाच्या यादीवर आक्षेप घेण्याचा सदस्य म्हणून असलेला अधिकार त्याला पोहोचत नाही. शहापूर तालुका संपूर्णतः आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. 1996 च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला गौण वनोपजापासून स्थानिक योजनांपर्यंत मोठे अधिकार दिले. पण तेथेही सदस्यत्वाची कसोटी मतदारयादी हीच आहे. अधिकार कागदावर विस्तारले आणि यादीत तरुणांची नावेच नसली, तर ते अधिकार मूठभरांच्या हाती राहतात.

शिवाय ग्रामपंचायतीसाठी वेगळी नोंदणी होत नाही. राज्य निवडणूक आयोगाने ठरवलेल्या दिवशी विधानसभेची जी यादी अस्तित्वात असेल, तीच प्रभागांत विभागली जाते. तो दिवस हुकला की पुढील पंचायतीसाठी पाच वर्षे थांबावे लागते. जेथे प्रभागात काहीशेच मतदार असतात, तेथे वीस-पंचवीस नव्या नावांचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

यादीबाहेर कोण राहते, हे पाहिले पाहिजे. या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर पाड्यावर परततात. 2024 मध्ये लोकसभेसाठी या भागात 20 मे रोजी, तर विधानसभेसाठी 20 नोव्हेंबर रोजी मतदान झाले. दोन्ही तारखा या स्थलांतराच्या हंगामातल्याच. घराला कुलूप दिसल्याने ‘स्थलांतरित’ असा शेरा पडण्याचे भय असते. वास्तविक 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तात्पुरत्या अनुपस्थितीने कोणाचे सामान्य निवासस्थान बदलत नाही. ही एक गोष्ट पाड्यावर माहीत असली, तरी नाव वगळण्याच्या नोटिशीला उत्तर देण्याचे बळ येते.

दुसरा वर्ग सासरी आलेल्या नववधूंचा. माहेरच्या यादीतील नाव आठ क्रमांकाच्या अर्जाने सासरी आणता येते, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. येथे इतिहासाची आठवण उद्बोधक ठरावी. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी वा तमक्याची कन्या एवढीच ओळख दिली होती. आज पंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असताना गावची सूनच यादीबाहेर असावी, हे समाजाला शोभणारे नाही.

तिसरा वर्ग कल्याण-बदलापूरकडे नोकरीस जाणाऱ्या तरुणांचा. नाव गावी असावे की शहरात, याचा निर्णय त्यांनी प्रामाणिकपणे करावा. दोन्हीकडे नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही, आणि चुकीची शुद्धी हेही नोंदणीइतकेच राष्ट्रकार्य आहे.

नियम आता पुष्कळ सुलभ झाले आहेत. 1989 मध्ये मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. त्यानंतरही 1 जानेवारी हीच एकमेव अर्हता तारीख होती, त्यामुळे 2 जानेवारीस अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर तिष्ठावे लागे. 2022 पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा अर्हता तारखा ठरल्या, आणि सतरा वर्षे पूर्ण होताच आगाऊ अर्जाची सोय झाली. म्हणजे अकरावी-बारावीच्या वर्गातच हे कार्य पूर्ण होऊ शकते. मात्र जी मुले शाळा सोडून भट्टीवर वा गुरांमागे गेली, त्यांच्यापर्यंत महाविद्यालयातील मतदार साक्षरता मंडळ पोहोचत नाही. तेथे कार्यकर्त्यानेच पोहोचले पाहिजे.

नोंदणीबरोबर प्रबोधन हवे. मत गुप्त असते, व्हीव्हीपॅटवरील चिठ्ठी सात सेकंद दिसते, मतासाठी पैसा देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे, एकही उमेदवार पसंत नसेल तर ‘नोटा’ आहे, हे नव्या मतदाराला समजावे. मत कोणाला द्यावे हे सांगणे म्हणजे प्रबोधन नव्हे. तो निर्णय त्याच्या विवेकावर सोडण्याइतका संयम कार्यकर्त्यापाशी असला, तरच पाड्याचा विश्वास त्याला लाभेल.

एका मताने काय होणार, असा प्रश्न तरुण विचारतात. त्याचे उत्तर भाषणातून मिळणार नाही. ग्रामसभेत उभा राहून त्याने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात होईल, तेव्हा ते आपोआप मिळेल. गणेशोत्सव मंडळे, भजनी मंडळे, बचत गट आणि शिक्षक यांनी आपापल्या पाड्यातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींची वही करावी आणि पावसाळ्यात, माणसे घरी असताना, एकेका नावापुढे अर्ज भरल्याची खूण करीत जावी. या कामाला मोठा निधी लागत नाही, चिकाटी लागते.