कारवीचं सातवं वर्ष, शार्कचं पंचविसावं

२०२३ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवी फुलली, तेव्हा तुमच्याही फीडवर जांभळे डोंगर आले असतील. कदाचित तुम्ही स्वतः जाऊन सेल्फीही काढला असेल. खरं सांगा, त्यानंतर एकदा तरी कारवीची आठवण झाली?

आज तिच्या शेजारी एका माशाला उभं करूया. व्हेल शार्क. जगातला सर्वांत मोठा मासा, आपल्या अरबी समुद्रातही फिरणारा. एवढं मोठं धूड, पण खातो काय, तर तोंड उघडून पाण्यातून गाळून घेतलेले बारीक जीव! झुडूप कुठे, शार्क कुठे, असं वाटेल. पण दोघांचं एक दुखणं सारखं आहे. दोघांनाही वेळ लागतो.

कारवी सात वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. व्हेल शार्कला वयात यायला पंचवीसेक वर्षं लागतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यानंतर त्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते. कारवीला मात्र दुसरा चान्स नाही. म्हणजे केसात माळायला तोडलेला तुरा सात वर्षांची तयारी वाया घालवतो. आणि जाळ्यात मेलेला दहा वर्षांचा शार्क एकही पिल्लू मागे न ठेवता जातो.

शार्कच्या बाबतीत आपण थोडं शहाणपण दाखवलंय. २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जाळं कापून त्याला सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्रात नुकसानभरपाई मिळते. तो लहान आहे की मोठा, हे कायदा बघत नाही. कारवीला मात्र आपण फक्त बहराच्या वर्षी भाव देतो. उरलेली सहा वर्षं ती आपल्यासाठी नुसती 'झाडी' असते. शॉर्टकट मारताना तुडवायची, काठीने झोडपायची.

आमचं म्हणणं एवढंच आहे : जपायचं तर या बिनफुलांच्या वर्षांत जपा. उद्यानातला पुढचा बहर २०३० मध्ये अपेक्षित आहे. तेव्हा फुलणारी रोपं आत्ता तिथेच, डोंगरावर उभी आहेत. हिरवी, साधी, फोटो न काढण्यासारखी.

या रविवारी ट्रेकला गेलात, तर मळलेली पायवाट सोडू नका. २०३० चे फोटो त्यावरच ठरणार आहेत.